जमीन विकून टेम्पो?

नसरापूरहून वेल्ह्याकडे येणाऱ्या रस्त्याने कोणी डोळे उघडे ठेवून आला, तर त्याला दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे भाताच्या खाचरांना पडलेली तारेची कुंपणे आणि त्यांवरच्या शहरी मालकांच्या पाट्या. दुसरी म्हणजे घरांपुढे उभे असलेले, पूजेचा हार अजून न काढलेले नवे टेम्पो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे माझे मत आहे. रस्त्याकडेचे खाचर विकायचे, त्या पैशातून मुलाला नवी गाडी घेऊन द्यायची आणि ‘पोरगं धंद्याला लागलं’ म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा, अशी रीत आपल्या कानंद खोऱ्यात पडू लागली आहे.

माझा धंद्याला मुळीच विरोध नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण स्पर्धा परीक्षेची पुस्तके उशाशी घेऊन झोपतात. जागा किती आणि अर्ज किती, हे सर्वांनाच ठाऊक आहे. अशा वेळी बी.ए. झालेल्या मुलाने मालवाहतूक केली तर पदवीला बट्टा लागतो, ही समजूत पांढरपेशांची आहे. ती आपण का उचलावी? माझे म्हणणे इतकेच की, हा धंदा सुरू करायचा तर जुन्या गाडीवर करावा, तातडीच्या मालाचा करावा, आणि त्यासाठी जमिनीला हात लावू नये.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. माझ्या धाकट्या चुलत्यांकडे, म्हणजे नानांकडे, सेकंडहँड टेम्पो आहे. अनेक वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबून साठवलेले पैसे आणि दोन म्हशींची किंमत यांतून तो आला. माझे अक्षर बरे म्हणून अकरावीपासून त्यांची हिशेबाची वही मी लिहितो. घरात वही लिहिणारा मीच पहिला. तोवर सगळा हिशेब नानांच्या डोक्यात असे.

तातडीचा माल म्हणजे काय? पहाटे मार्केट यार्डात गाळ्यावर उतरलेली मेथी आणि तीच मेथी आठ वाजता उतरलेली, यांच्या भावात फरक पडतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा झेंडू सोन्याच्या मोलाचा. दसरा उलटला की तोच उकिरड्यावर. नासणारे दूध तर कोणाचीच वाट पाहत नाही. हायवेवर खेड शिवापूरपासून शिरवळपर्यंत कारखाने आहेत. तिथे एखादे यंत्र लहानशा भागासाठी अडले की माणसे हात बांधून बसतात. मग भोसरीहून वीस किलोची एक पेटी आणायला अख्खा टेम्पो लागतो, आणि कारखानदार भाड्याची घासाघीस करीत नाही. नाना म्हणतात, “गिऱ्हाईक वजनाचं पैसं देत न्हाय, टायमाचं देतंय.”

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तातडीचे भाडे म्हणजे गाडी भरधाव मारणे, असे आमच्या वयाच्या मुलांना वाटते. विंझरहून मार्केट यार्ड पन्नासेक किलोमीटर. जिवावर उदार होऊन गाडी हाकली तरी दहा-पंधरा मिनिटे वाचतील. तास वाया जातात ते वेगळीकडेच. रात्री अकराला फोन येतो तेव्हा गाडीत डिझेल नसते. ताडपत्री शेजाऱ्याने नेलेली असते. स्टेपनी पंक्चर असते आणि ‘उद्या काढू’ म्हणून तशीच राहिलेली असते. नाना संध्याकाळी टाकी भरून, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावतात. हौद्यात ताडपत्री आणि दोर घडी करून ठेवतात. फोन दुसऱ्या घंटीला उचलतात. त्यांना आडत्यांची आणि फोरमनची कामे मिळतात ती यामुळे. ते टोलनाक्यापासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत कधी पळवतात, असे मी पाहिलेले नाही.

वेळ विकण्याची ही कल्पना थोरामोठ्यांनीही ओळखली होती. अमेरिकेत फ्रेड स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने १९६५ साली येल विद्यापीठात अर्थशास्त्राच्या निबंधात तातडीच्या पार्सलांची कल्पना मांडली. पुढे १७ एप्रिल १९७३ रोजी त्याच्या फेडरल एक्स्प्रेसने पहिल्या रात्री चौदा लहान विमानांतून १८६ पार्सले नेली. त्या निबंधाला गुण फार बेताचे पडले, अशी दंतकथा आहे. (आमच्या सरांनी ती खरी मानून आमच्याही निबंधांकडे जरा मायेने पाहावे!)

पण विमानाच्या गोष्टी दूरच्या. जवळची गोष्ट गदगची आहे. विजय संकेश्वरांनी १९७६ साली एका ट्रकवर वाहतूक सुरू केली, पुढे बिऱ्हाड हुबळीला नेले, १९९२ मध्ये कुरिअर काढले, आणि आज त्यांच्या व्हीआरएलच्या गाड्या हजारोंनी मोजतात. स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे अशी उदाहरणे देतात आणि टाळ्या घेतात. ते एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. संकेश्वरांच्या घरी वडिलांचा छपाईचा आणि प्रकाशनाचा चालता धंदा होता. ट्रक बुडाला असता तरी घर उभे राहिले असते. आपल्या घरांत ती जागा खाचराची आहे. पाठीशी असलेले तेच विकून ट्रक घेणारा माणूस संकेश्वरांचा कित्ता गिरवीत नाही. तो उलटेच करतो.

आता जुन्या गाडीविषयी. जुनी गाडी त्रास देते, हे खरेच. नानांच्या वहीत एका आषाढाचे पान आहे. कात्रजच्या चढाला क्लच प्लेट गेली, गाडीत कोथिंबीर होती आणि पाऊस कोसळत होता. नानांनी ओळखीच्या दुसऱ्या टेम्पोवाल्याला बोलावले, माल त्यात घातला, त्याला पूर्ण भाडे आपल्या खिशातून दिले आणि स्वतः ओढगाडीची वाट पाहत घाटात बसले. माल वेळेत पोचला. त्या महिन्यात घरात काही आले नाही. पण तो बागायतदार आजही नानांनाच फोन करतो. तेव्हापासून दर भाड्यातले शंभराला वीस रुपये एका पत्र्याच्या डब्यात पडतात. तो डबा गाडीचा. त्याला घरातल्या कोणी हात लावायचा नाही, अगदी सणालाही नाही. आजीने एकदा हळदीकुंकवासाठी मागून पाहिले होते!

हिशेब सोपा आहे, पण तो करावा लागतो. समजा जाऊन-येऊन शंभर किलोमीटर झाले, गाडी लिटरला पंधरा देते आणि डिझेल नव्वद रुपये आहे, तर सहाशे रुपये जळाले. भाडे अठराशे मिळाले, म्हणजे बाराशे सुटले, असे म्हणणारा माणूस वर्षाच्या आत गाडी विकायला काढतो. टायर, ऑइल, विमा, टोल, फिटनेस, आणि चालवणाऱ्याची स्वतःची मजुरी हे सारे त्या बाराशेतच आहे. शिवाय परतीची रिकामी खेप. नानांनी येताना किराणा दुकानदारांचा माल आणि पशुखाद्य आणायला सुरुवात केली, तेव्हा कुठे वहीत शिल्लक दिसू लागली. परतीचे भाडे निम्मेच मिळते. पण डिझेल तर तसेही जळणारच असते.

नव्या गाडीवाल्याला यांतले काही चुकत नाही आणि वर हप्ता असतो. जमिनीचे पैसे आले तरी ते सगळे गाडीत जात नाहीत. थोडे घरावर, थोडे लग्नावर जातात, आणि गाडीवर कर्ज राहतेच. आपल्याकडे पावसाळ्यात लावणी सुरू झाली की भाडी आटतात. नानांची जुनी गाडी अशा दिवसांत ताडपत्रीखाली निवांत उभी राहते. हप्त्याच्या गाडीला ते परवडत नाही. मग चालक झोप न घेता सलग दोन खेपा करतो, भरेल त्याहून जास्त माल भरतो, आणि घाटात डोळा लागला तर काय होते ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. पण हप्त्याच्या गाडीवर स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेल्याला कोण अडवणार?

जुनी गाडी घेताना मात्र इंजिनाइतकेच कागद पाहावेत. इथे आपले शिक्षण उपयोगी पडते. गाडीवर कोणाचा बोजा आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, विमा चालू आहे का, हे वाचणारा माणूस घरात लागतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर बसतो. तो किमतीत धरावा. गाडी आणि माल मिळून तीन हजार किलोच्या आतल्या वाहनाला परमिट लागत नाही, ही लहान धंद्याची मोठी सोय आहे. गाडी नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे असतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. आपल्याकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षानुवर्षे तशीच गाडी फिरवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल. विकून मोकळा झालो असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक कलम आमच्या वर्गातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मालवाहू गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मी एकोणीस वर्षांचा आहे. म्हणजे माझ्यासाठी उद्या गाडी घेतली, तरी ती मला हाकता येणार नाही; पहिला हप्ता मात्र उद्यापासूनच चालू होईल.

ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. आमच्या रस्त्याकडेच्या खाचराला गिऱ्हाईक आले आहे. ‘पोरगा शिकतोय तोवर गाडी दारात येऊ दे’ असे अण्णांच्या मनात घोळते आहे. त्यांचा हेतू माझ्या भल्याचाच आहे. इंद्रायणी भाताच्या दोन पोत्यांत पुढची पिढी जगणार नाही, हे त्यांनी आयुष्यभर चिखलात उभे राहून पाहिले आहे. पण १९४८ च्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. शेवटचे खाचर विकणाऱ्याच्या नातवाला पुढे तेवढेच गुंठे परत घ्यायचे झाले, तर भावाच्या आधी ‘तू शेतकरी आहेस का?’ हा प्रश्न येईल. टेम्पो पाच वर्षांत निम्म्या किमतीचा होतो आणि दुसरा मिळतो. खाचर दुसरे मिळत नाही.

मी अण्णांना वेगळा मार्ग सुचवला आहे. दोन वर्षे नानांच्या वहीबरोबर त्यांची गिऱ्हाइकेही मी सांभाळावीत. वीस पूर्ण झाल्यावर परवाना काढावा आणि सुट्टीत त्यांच्याच गाडीवर खेपा कराव्यात. डब्यात पुरेसे जमले तर दुसरी जुनी गाडी घ्यावी. अण्णा अजून काही बोललेले नाहीत. नाना म्हणाले, “आधी डबा भरू दे.” गिऱ्हाईक मात्र दसऱ्यापर्यंत थांबणार आहे.

ज्या मित्रमैत्रिणींच्या घरी मालवाहू गाडी आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. जुनी असो की नवी, एका महिन्याचा खरा हिशेब लिहून मला द्यावा. नाव घालू नये. भाडे, डिझेल, दुरुस्ती, हप्ता आणि रिकाम्या खेपा एवढेच लिहावे. अर्थशास्त्राच्या सरांनी ते आकडे फळ्यावर मांडण्याचे कबूल केले आहे. एका वहीवर घरातल्या वडीलधाऱ्यांची खात्री पटत नाही. दहा-बारा वह्या तरी हव्यात, आणि त्या दसऱ्याच्या आत हव्यात.