सगळं नॉर्मल आहे!

"सगळं नॉर्मल आहे रे!" बाबा दरवर्षी व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवायचे आणि मी पुण्याहून अंगठा दाखवायचो. मधुमेह १५ वर्षांचा, पण गोळ्या वेळेवर, फिरणं रोज. इंदूरला राहून जिलेबीसुद्धा सोडलेली. काळजी कसली?

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा जुन्या फाइलमधले आकडे सहज एक्सेलमध्ये भरले. क्रिएटिनिन ६१व्या वर्षी ०.९, ६५व्या वर्षी १.२. दोन्ही लॅबच्या मर्यादेत, म्हणून ठळक अक्षर कुठेच नाही. पण त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात त्याचा अंदाज, काढला तर आधी ९७ आणि चार वर्षांनी ६७! ऑफिसात सर्व्हरचा आलेख असा घसरला असता, तर मी अलार्म वाजायची वाट पाहिली नसती. बाबांच्या बाबतीत मात्र पाहिली.

डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणही पाहिलं. ही साधी तपासणी बाबांनी कधी केलीच नव्हती. ३० च्या आत हवं, आलं ११०. तीन महिन्यांनी जवळपास तेवढंच. औषधं बदलली, मीठ कमी झालं, गुडघ्यासाठी मनानेच घेतली जाणारी वेदनाशामक गोळी बंद झाली.

मूत्रपिंडाचा धोका याहून आधी कळावा म्हणून रक्तातल्या प्रथिनांवर संशोधन चालू आहे. बोस्टनच्या जॉस्लिन डायबिटीस सेंटरने २०१२ मध्ये टाइप २ च्या ४१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीएनएफआर-१ हे दाहाशी संबंधित प्रथिन ज्यांच्या रक्तात सर्वांत जास्त होतं, त्या एक चतुर्थांश रुग्णांपैकी ५४ टक्के लोकांची मूत्रपिंडं १२ वर्षांत निकामी झाली. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण फक्त ३ टक्के होतं. अशी तीन प्रथिनं आणि रुग्णाची इतर माहिती जोडून धोका सांगणाऱ्या 'किडनीइंटेलएक्स' चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने जून २०२३ मध्ये मान्यता दिली.

पण सुरुवात करायला नवी चाचणी लागत नाही. टाइप २ मधुमेह असेल तर ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही वर्षातून एकदा तपासायला हवं. तेव्हा मंडळी, या रविवारी आई-बाबांची फाइल काढा. एकच रिपोर्ट नको, गेल्या पाच वर्षांचे आकडे एका ओळीत लिहा. उतार दिसला तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

बाबा अजूनही फोटो पाठवतात. मी आता अंगठा दाखवत नाही, फोन करतो.