इंजिनाचा दम कुठे सुटला?

आजारी माणूस निदान ‘इथं दुखतंय’ एवढं तरी सांगतो. इंजिन बिचारं बोलत नाही. ते खोकतं, धापा टाकतं आणि एक दिवस बंद पडतं. मोटार असेल तर रस्त्याच्या कडेला लावून टॅक्सी करता येते. पण बोट असेल तर? भर पाण्यात कडा आणायची कुठून? म्हणूनच बोटीच्या इंजिनाचा जाणता कारागीर पान्याला हात घालण्याआधी निदानाला बसतो.

अमेरिकेतल्या वेगवान बोटींची इंजिनं तर खास नखरेल. मूळ पुष्कळदा मोटारीचंच. शेवर्लेचं ‘बिग ब्लॉक’ व्ही-८ घ्या. ४५४ घन इंच, म्हणजे जवळपास साडेसात लिटरचं. त्याचा थोरला भाऊ ५०२ घन इंचांचा. अशी इंजिनं पाण्यासाठी सजवून बोटीत बसवली जातात आणि हौशी मालक ती पुन्हा खोलून, जादा ताकदीचा कॅमशाफ्ट टाकून नव्यानं बांधून घेतात. खर्च भरपूर, हौस त्याहून मोठी!

पण मोटारीत आणि बोटीत एक फरक आहे. मोटारीला उतार लागतो, तेव्हा इंजिन विसावतं. बोटीला उतार नसतो. पाणी कापत जाणं म्हणजे जन्मभर घाट चढणं. या मेहनतीचा मोठा भार सोसतात ते वॉल्व्ह.

वॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची दारं. एका दारानं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, दुसऱ्यानं जळका धूर बाहेर जातो. आठ सिलिंडर, सोळा दारं. मिनिटाला ५,००० फेरे होत असतील, तर प्रत्येक दार सेकंदाला ४०हून अधिक वेळा उघडतं आणि मिटतं. धुराच्या दाराचं तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत जातं. दार केसभर जरी उघडं राहिलं, तरी इंजिनाचा दम सुटलाच म्हणून समजा.

आधी स्वस्त तपासणी

समजा, नव्यानं बांधलेलं इंजिन चार-दोन फेऱ्यांनंतर ‘मिसिंग’ करू लागलं. कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो, बोट पूर्वीचा वेग घेत नाही. लगेच हेड उतरवायचं? मुळीच नाही! आधी वायरी पाहायच्या, मग सगळे प्लग काढून ओळीनं मांडायचे. एखाद्या प्लगचं टोक ठोकल्यासारखं दबलं असेल, तर आत काहीतरी आपटलंय. एखाद्यावर गंज किंवा पाणी दिसलं, तर आत पाणी शिरलंय. अशा वेळी प्लग बसवून स्टार्टर मारू नये. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

चमचाभर तेलाची किमया

दुसरी पायरी कॉम्प्रेशन गेजची. इंजिन कोमट, बॅटरी भरलेली, इग्निशन बंद, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. मग एकेका सिलिंडरचा दाब मोजायचा. इथं नवखे फसतात. जादा ताकदीच्या कॅमशाफ्टमध्ये दारं जास्त वेळ उघडी राहतात, त्यामुळे स्टार्टरच्या संथ गतीवर सगळेच आकडे थोडे कमी येतात. म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नये, आठांची आपसात तुलना करावी. सर्वांत कमी दाब सर्वांत जास्त दाबाच्या ७५ टक्क्यांखाली गेला, तर शंका घ्यावी, असा ठोकताळा आहे.

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला, तर दोष रिंगांचा. तेलानं त्यांची फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही, तर संशय वॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम गळाठले असतील, तर बहुधा गॅस्केटच.

कान देऊन ऐका

तिसरी तपासणी सर्वांत बोलकी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणायचा, म्हणजे दोन्ही दारं मिटलेली असतात. मग प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि ऐकायचं. कार्बोरेटरमधून फुस्स आवाज आला, तर आत येण्याचा वॉल्व्ह गळतोय. मागच्या धुराच्या नळीतून आला, तर बाहेर जाण्याचा. तेल ओतायच्या तोंडातून आला, तर रिंगा. थंड पाण्यात बुडबुडे आले, तर गॅस्केट. मात्र नव्या इंजिनात रिंगा पुरत्या बसलेल्या नसतात, थोडी हवा तिथून जाणारच. आणि दाबाच्या हवेनं क्रँक अचानक फिरू शकतो, तेव्हा हात-पाना दूर!

आता रॉकर कव्हर उघडायचं. पुशरॉड वाकलाय का? एखाद्या वॉल्व्हचं शेपूट शेजाऱ्यांपेक्षा खाली-वर आहे का? टॅपेटची फट बदलली आहे का? एवढं पाहून मगच हेड उतरवायचं.

दोषी कोण?

वॉल्व्ह बदलला म्हणजे काम संपलं, असं नाही. तो का बिघडला, हे महत्त्वाचं. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण असेल, तर वॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर झाली. टायमिंग चुकलं असेल, स्प्रिंगा कमजोर असतील किंवा लाटेवर पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन बेफाम फिरलं असेल. वॉल्व्हची कड जळून तुकडा उडाला असेल, तर टॅपेट फार घट्ट होता किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं. मिटलेला वॉल्व्ह सीटला टेकतो, तेव्हाच त्याची उष्णता निघून जाते. टेकला नाही की जळाला!

आणि वॉल्व्हच्या दांड्यावर गंज दिसला, तर तो बोटीचा खास रोग. बोटीत धूर थंड करायला त्यात पाणी मिसळतात. जादा ताकदीच्या कॅमशाफ्टमध्ये क्षणभर दोन्ही दारं एकदम उघडी असतात. इंजिन संथ चालताना त्याच वेळी नळीतलं पाणी उलटं सिलिंडरकडे ओढलं जातं. इथं नुसता नवा वॉल्व्ह घातला, तर काही तासांनी तोच खर्च पुन्हा! इलाज करायचा तो धुराच्या नळीचा किंवा कॅमशाफ्टचा.

आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी ट्रॉलरवर डिझेल इंजिनं असतात. तिथं प्लग नाहीत, गेज इंजेक्टरच्या जागी लागतो आणि दाब कितीतरी जास्त, म्हणून पेट्रोलचा गेज चालत नाही. पण निदानाचा क्रम जवळपास हाच.

शेवटी एक इशारा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. चाचणी असो वा सफर, इंजिन सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं ब्लोअर चालवावा, नाकानं वास घ्यावा. आणि पाण्याची सोय केल्याशिवाय बोटीचं इंजिन जमिनीवर क्षणभरही चालवू नये, पंपातला रबरी पंखा पाहता पाहता जळतो.

दुरुस्तीचं बिल हातात घेताना मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, ‘काय बदललंत?’ नव्हे, ‘कशामुळे बिघडलं होतं?’ याचं उत्तर मिळालं, तरच निर्धास्तपणे किनारा सोडा.