बगळ्याला औषध?

दर पावसाळ्यात एकदा तरी हा प्रश्न मला येतो. "मॅडम, बगळ्यावर काही औषध आहे का?" मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माशांबद्दल मला विचारतात याचं कारण एवढंच, की आमच्या परसात मासे आहेत आणि गेली सहा वर्षं ते टिकून आहेत. पण भाषेची शिक्षिका असल्यामुळे माझं लक्ष आधी त्या 'औषध' शब्दाकडेच जातं. आपण विषाला औषध म्हणतो. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध, शेतात 'औषध मारलं'. उर्दूतही तेच, चूहे मारने की दवा. ज्याला ती दवा द्यायची त्याला आजार कुठला, हे कोणी विचारत नाही. औषध म्हटलं की हातही कचरत नाही.

मला आज त्या औषधाच्या विरोधात लिहायचं आहे, पण ज्याचे मासे जातात त्याच्या बाजूने. हे आधीच सांगते, नाहीतर 'मॅडमना बगळ्याचा पुळका' असं म्हणून पुढचं कोणी वाचायचं नाही.

जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. आमच्याकडे घर बांधताना जांभ्याचे चिरे पुष्कळदा आपल्याच जागेतून काढलेले असतात. घर उभं राहतं, मागे खड्डा उरतो. कोणी त्यात कचरा टाकतं. कोणी पाऊस भरला की रोहू, कटला, मृगळची बोटुकली सोडतं. जुलै-ऑगस्टमध्ये सोडायची, पाणी आटायच्या आत एप्रिल-मेमध्ये काढायची. एक-दोन गुंठ्यांच्या या तळ्यातून कोणी श्रीमंत होत नाही. आमच्या शेजारच्या चाची तीनशे बोटुकली सोडतात, आणि मे महिन्यात जे मिळतं त्यात जूनच्या वह्या, दप्तरं, रेनकोट येतात. त्या तीनशेतली दीडशे सप्टेंबरातच नाहीशी झाली, तर त्यांना 'पक्ष्यांनाही पोट आहे' हे ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

मात्र चोर कोण हे नीट पाहिल्याशिवाय काठी उचलू नये, हे तर कोणीही मान्य करील. तळ्यावर दिवसभर जो दिसतो तो खंड्या. निळे पंख, तपकिरी डोकं, लाल चोच, गळ्यावर पांढरा डाग. तारेवर बसून ओरडतो म्हणून पहिला आळ त्याच्यावर. हा मासे खातो, पण त्याहून जास्त खातो ते नाकतोडे, सरडे, खेकडे, बेडूक. खरा मासेमार खंड्या तो लहान, चिमणीएवढा, पाण्यावरून निळी रेघ ओढल्यासारखा जाणारा. तो बोटभर पिल्लं उचलतो. कटला वरच्या थरात राहणारा, म्हणून त्याची पिल्लं आधी जातात. ढोकरी काठावर तासन्‌तास दगडासारखी उभी राहते. रातबगळा अंधार पडताना 'क्वाक' करत येतो. या सगळ्यांत तळ्याला महाग पडतो तो पाणकावळा, कारण तो काठावर थांबत नाही, बुडी मारून माशाच्या मागे जातो, आणि एकटा क्वचितच येतो.

पण यांतलं कोणीही येण्याआधी निम्मी चोरी झालेली असते. अगदी बारीक मत्स्यबीज सोडलं असेल, तर त्याचे मोठे शत्रू पाण्यातच असतात. चतुराच्या अळ्या, पाणविंचू, पाठीवर उलटा पोहणारा तो किडा. माशांची नर्सरी चालवणारे बीज सोडायच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, पाण्यावर साबण आणि तेलाचं मिश्रण पसरतात. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, असं त्यांचं जुनं माप आहे. म्हणजे गुंठ्याला साधारण साडेपाचशे ग्रॅम तेल आणि पावणेदोनशे ग्रॅम साबण. पाण्यावर तवंग येतो, वर येऊन श्वास घेणारे किडे गुदमरतात. दुसरा चोर मरळ. शेतातलं पाणी तळ्यात शिरत असेल तर तिची पिल्लं त्याबरोबर येतात, आणि मरळ वाढली की रोहूची बोटुकली हे तिचं रोजचं जेवण. पाणी आत येतं तिथे बारीक जाळी बसवली तर बगळ्यावरचे निम्मे गुन्हे निकाली निघतील.

आणि एक आरोप तर सरळसरळ खोटा आहे. पहाटे उठून पाहावं तर मासे मेलेले, आणि ढोकरी त्यांच्यात उभी. झालं, निकाल लागला. वास्तविक रात्री पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, वापरतं. मासेही वापरतात, तळाशी कुजणारा पालाही वापरतो. उजाडण्याआधी तो सगळ्यात कमी उरतो. चार दिवस ढग राहिले, वर कोणी दयाळूपणे उरलेला भात ओतला, की मासे तोंड वर काढून तडफडतात. ढोकरी ते बघून आलेली असते. तिला हाकलून मासे जगणार नाहीत, पाणी खळबळून जगतील.

माझा साधा नियम आहे. मासे मागमूस न ठेवता कमी होत असतील तर पक्षी नाहीतर मरळ. मोठ्या माशाच्या अंगावर भोसकल्यासारखी जखम असेल तर बगळा. काठावर खवले, डोकी, अर्धवट खाल्लेला मासा आणि खवल्याकाट्यांनी भरलेली उग्र वासाची विष्ठा असेल, तर ऊद. आणि भिंतीपलीकडे कोपऱ्यात नुसता सांगाडा असेल, तर कृपया आपल्या मांजरीकडे पाहावं. वन्य प्राण्यांच्या नावावर पाळीव मांजरांनी खाल्लेल्या माशांचा हिशेब कोणी लावलेला नाही.

आता उपाय. आमच्याकडे सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे जुनं तंगुसाचं जाळं तळ्यावर सैल टाकून देणं. खाडीवरून फाटकं जाळं फुकट मिळतं. पाण्यावर ते दिसत नाही, आणि तीच त्याची ख्याती. मला या जाळ्याबद्दल राग आहे. बगळा त्यात पाय अडकवतो, पंख अडकवतो, जितका ओढतो तितका आवळला जातो. घुबड अडकतं, धामण अडकते, दिवड अडकते. कधीकधी दोन दिवस ते लटकत असतं आणि घरातलं कोणी कापायला जात नाही, कारण 'बाकीच्यांना दहशत बसेल'. मांजरीला बांधून ठेवणाऱ्या, ना खाऊ घालणाऱ्या ना सोडणाऱ्या बाईची हदीस आमच्या घरांतल्या लहान मुलांनाही पाठ असते. ती आपल्याला मांजरीपुरतीच आठवते.

संक्रांतीच्या आधी शाळाशाळांतून नायलॉन मांज्याविरुद्ध शपथा होतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, ती योग्यच होती. मग तोच नायलॉनचा धागा, तितकाच न दिसणारा, तितकाच कापणारा, परसात बारा महिने ताणलेला असला तर तो कुठल्या न्यायाने चालतो? मांजा निदान चार दिवसांत खाली येतो.

जाळी हवीच. पण ती जाड दोऱ्याची, पांढरी किंवा ठळक रंगाची, पाण्यापासून दीड-दोन फूट वर, खाटेच्या नवारीसारखी ताणलेली हवी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांवर टाकायच्या जाळीचं भोक, जाळी पूर्ण ताणल्यावर, ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. तिथे वटवाघळं आणि पक्षी अडकून मरत होते. तिथले लोक ते मोजमाप बोटाने करतात: बोट आत गेलं तर ती जाळी नको. आपल्याला ते माप जशास तसं नको असेल, तळ्यावरच्या जाळीत पाला अडकतो हेही खरं, पण करंगळीची कसोटी दुकानात उभं राहून करता येते. जाळी परवडत नसेल तर तळ्याच्या एका बाजूला नारळाच्या झावळ्या आडव्या टाकाव्यात. त्या पाण्याच्या वर टेकवाव्यात, आत कुजू देऊ नयेत.

जाळीपेक्षाही उपयोगी पडते ती जुनी कौलं. गावात निम्म्या घरांवर आता पत्रा आला आहे आणि मंगलोरी कौलांच्या थप्प्या परसात पडून आहेत. दोन-दोन कौलं एकमेकांना टेकवून तळाशी ठेवली की माशांना पळून जायला घर मिळतं. पाणकावळा कितीही बुड्या मारो, कौलाखाली त्याची मान वळत नाही. आणि पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण बोटुकली चार-पाच इंचांची घ्यावी. लहान खंड्याच्या चोचीत ती मावत नाही. घुबडाचे पुतळे, चकाकत्या सीडी, फडफडणाऱ्या पिशव्या हे सगळं आठवडाभराचं नाटक आहे. बगळा आठव्या दिवशी त्याच सीडीच्या काठीवर बसतो.

राहिला ऊद. पाठ्यपुस्तकात त्याला पाणमांजर म्हणतात. वर्गात मी 'ऊद' म्हटलं की मुलं हसतात, कारण त्यांच्या घरी ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा सुगंध, आणि या प्राण्याचा वास तर अगदी उलट. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत, खारफुटीत तो अजून आहे. सात ते अकरा किलोचं जनावर, कुटुंबकबिल्यानिशी फिरणारं. असं एक कुटुंब रात्री एखाद्या तळ्यात उतरलं तर सकाळी मोजायला फार काही उरत नाही. इथे झावळ्या-कौलं पुरणार नाहीत, हे मी मान्य करते. याच जनावराचं कातडं परदेशात विकलं जात होतं म्हणून २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम सगळ्यात कडक झाले, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण त्याला आहे, जसं बगळ्याला आणि खंड्यालाही आहे. पण मुद्दा कायद्याचा नाही. माशात दाणेदार कीटकनाशक भरून काठावर ठेवलं, तर ते ऊद खाईल, कावळा खाईल, शेजाऱ्याचा कुत्रा खाईल, आणि पहिल्या सरीला उरलेलं त्याच पाण्यात उतरेल, ज्यातला मासा आपण मुलाच्या ताटात वाढणार आहोत. घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणारे तर रात्री लघवीला उठलेल्या माणसालाही त्याच हिशेबात धरतात.

उदाला कुंपणच अडवतं. कमरेच्या वर उंचीची जाड तारेची जाळी, आणि खालचा फूटभर भाग जमिनीत गाडलेला किंवा बाहेरच्या अंगाला दुमडून दगडांनी दाबलेला, कारण तो वरून चढण्याआधी खालून उकरतो. याला खर्च आहे. चाचींना तो एकटीला झेपणारा नाही. म्हणून मला वाटतं, मत्स्यबीज वाटणाऱ्या कुठल्याही योजनेत बीजाबरोबर कुंपणाचाही विचार हवा. पिकाचा पंचनामा होतो, पाण्यातून गेलेला मासा कोण आणि कसा मोजणार? नुकसान झाल्यावर भरपाईचे कागद रंगवण्यापेक्षा आधी चार खांब आणि जाळी द्या. हे मी पंचायतीच्या सभेत दोनदा बोलले आहे. दोन्ही वेळा विषय पुढच्या सभेत गेला.

एक गोष्ट मात्र माशांपेक्षा मोठी आहे. चिरेखाणीची भिंत सरळ उभी असते, आणि माशांसाठी ते फार चांगलं, कारण ढोकरीला उथळ काठ लागतो. कडेलाच तीन फूट पाणी असेल तर तिला उभं राहायला जागा नाही. पण त्याच भिंतीवरून पडलेलं मूल वर येऊ शकत नाही. मुंगूस, उदमांजर, वासरूही येऊ शकत नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत तर काठ साबणासारखा निसरडा, आणि तिथे मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून तळ्याच्या एका कोपऱ्यात चिऱ्याच्या दोन हात रुंद पायऱ्या सोडाव्यात आणि फक्त तेवढ्या पायऱ्यांवर जाड दोऱ्या आडव्या बांधाव्यात, बगळ्याला उतरता येणार नाही आणि माणसाला धरता येतील अशा. शेततळ्यात जुने टायर दोराने एकमेकांना बांधून काठावरून आत सोडावेत. दोर काठावरच्या झाडाला किंवा खांबाला पक्का बांधलेला असावा, नुसत्या खुंटीला नको.

हे सगळं मे महिन्यात करायचं, खड्डा कोरडा असताना. गाळ काढताना कौलं लावून होतात, गवंड्याला पायऱ्यांसाठी एक दिवस पुरतो. मृगाचा पाऊस पडल्यावर मला विचारायला येऊ नका, भरलेल्या खड्ड्यात पायरी बांधायला कुठलाच गवंडी उतरत नाही.