गिरगाव सोडावे काय?

संपादक महाशयांस,


गिरगावातील चाळ सोडून विलेपार्ल्यास बिऱ्हाड हलविणे हा केवळ श्रीमंतीचा हव्यास होय, हे गतांकातील पत्रलेखकाचे मत, त्यांच्या शेजारधर्मावरील निष्ठेविषयी आदर बाळगूनही, मला मान्य नाही. कारण ज्या उपनगरात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला, तेथे शेजार आयता मिळत नसला तरी घडविता खचित येतो. मात्र निर्णयापूर्वी जागेच्या किमतीबरोबरच चर्चगेटच्या लोकलमध्ये रोज खर्ची पडणाऱ्या वेळेचा हिशेब मांडावा, आणि घरातील वृद्धांची संमती अवश्य घ्यावी. चाळीच्या गॅलरीत त्यांची सहज होणारी विचारपूस बंद दारांच्या इमारतीत आपणांसच नेमाने करावी लागते.

आपला नम्र,
एक पार्लेकर