ती ‘तसली’ असली तर मरू द्यायची का?

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत मी संगीत महोत्सवांतल्या नशेचा विषय काढला. एक ज्येष्ठ कार्यकर्ती संतापून म्हणाली, “बाटली आडवी करायला आम्ही गावोगाव हिंडलो, आणि तू नशेसाठी तंबू घालून द्यायला निघालीस?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर जाहीरपणे देते.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात महोत्सवांत एमडीएमए या नशेच्या गोळ्यांनी सहा तरुण जीव गेले. त्यांत दोन मुली होत्या. एकीचं वय १९. दारावर पोलीस पकडतील या भीतीने तिने जवळच्या गोळ्या एकदम घेतल्या, हे चौकशीत पुढे आलं. पोलिसी कुत्री हटवा, गोळ्या तपासून देण्याची सोय करा, अशी शिफारस कॉरोनर हॅरिएट ग्रॅहम यांनी २०१९ मध्येच केली.

धाकाची दुसरी बाजूही बघा. तिथेच २०१८ च्या एका महोत्सवात कुत्र्याने हुंगलं म्हणून एका बाईला विवस्त्र करून झडती घेतली, टॅम्पॉनसुद्धा काढायला लावला. सापडलं काहीच नाही. ही झडती बेकायदेशीर ठरवून न्यायालयाने २०२५ मध्ये तिला भरपाई मंजूर केली. नशेविरुद्धच्या लढाईत बाईचं शरीर असं वापरलं जातं!

याच राज्यात ‘डान्सवाइज’चे स्वयंसेवकही काम करतात. ही महोत्सवांना जाणारी, त्या जगातलीच माणसं. सावलीचा तंबू, चटई, पाणी, शेजारी बसणारं कुणीतरी. ना उपदेश, ना चौकशी. अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तडक डॉक्टरांकडे. “भरपूर पाणी पी” हा सल्ला या गोळीवर घातक ठरू शकतो, हे त्यांना ठाऊक असतं. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घटतं, मेंदूला सूज येते, आणि हा धोका तरुण स्त्रियांना अधिक असतो. आपल्यापैकी किती जणींना हे माहीत होतं?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९९२ पासून सांगलीत ‘संग्राम’च्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींपर्यंत कंडोम पोचवले. कंडोम वाटणं म्हणजे धंद्याला उत्तेजन, असा आक्षेप तेव्हाही होता. बाई जगली पाहिजे, हेच आपलं उत्तर होतं. मग इथे ते का बदलावं?

असे महोत्सव गोव्यात, पुण्यातही भरले आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा. मग मैत्रीण कोसळली तरी तिने काय घेतलंय हे डॉक्टरांना सांगायला मुली घाबरतात. घरी कळलं तर “तसलीच होती” हा शिक्का ठरलेला. बलात्कारित बाईला विचारले जाणारे प्रश्नच वेगळ्या शब्दांत तिला विचारले जातात.

म्हणून आपण मागणी करू या: महोत्सवाला परवानगी देताना असा तंबू आणि वैद्यकीय पथक सक्तीचं करा. मदत मागणाऱ्या मुलीवर आणि तिच्या मैत्रिणीवर गुन्हा नोंदवू नका. विक्रीतून गब्बर होणाऱ्यांना जरूर पकडा.

ताई, बाटली आडवी करताना तुम्ही दारूच्या धंद्याशी लढलात, दारूने मोडलेल्या बाईशी नाही. गोळी घेऊन कोसळलेली पोरही तुमचीच आहे. तिच्या शेजारी चटईवर बसायला याल?