तळाच्या रांगेतले शनिवार

शनिवारी रात्री साडेआठ वाजले की आमच्या घरात एक ठरलेला संवाद होतो. मी चष्मा पुसून मोबाइल हातात घेतो आणि सौ. विचारते, "काय, तुमचे गाववाले आज तरी जिंकणार का?" इंग्लंडमध्ये तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. (उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे सरकतात, मग आमचा संवादही साडेसातला होतो.) माझे हे गाववाले म्हणजे मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या रॉचडेल गावाचा फुटबॉल संघ. नाव ऐकले नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडमधल्या बऱ्याच फुटबॉलप्रेमींनीही ते एखाद्या विनोदाच्या संदर्भातच ऐकलेले असते. १९७४ ते २०१० अशी सलग छत्तीस वर्षे हा संघ व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वांत खालच्या श्रेणीत होता. वर जाता आले नाही आणि खालीही गेला नाही. लोक त्या श्रेणीलाच गमतीने 'रॉचडेल डिव्हिजन' म्हणू लागले.

मी तिथे गेलो तो फुटबॉलसाठी नव्हे. बी.कॉम.ला सहकार विषयाच्या पहिल्याच धड्यात 'रॉशडेलचे प्रवर्तक' भेटले होते. १८४४ च्या डिसेंबरात अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, प्रत्येकी एक पौंड जमवून टोड लेनवर दुकान उघडले; लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. महाराष्ट्रातले साखर कारखाने, पतपेढ्या, दूध संघ या सगळ्यांची गंगोत्री ती. मुलगी नोकरीनिमित्त मँचेस्टरजवळ राहते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा म्हटले, मला ते रॉशडेल दाखव. "बाबा, रॉचडेल म्हणतात," ती म्हणाली. चाळीस वर्षे चुकीचा उच्चार केल्याची शरम वाटली; पण परीक्षेत गुण तर मिळाले होते.

दुकान आता संग्रहालय आहे. तासाभरात पाहून झाले. बाहेर आलो तर निळे मफलर घातलेली मंडळी एकाच दिशेने निघालेली. जावई म्हणाले, "आज मॅच आहे, जायचं का?" तिकिटे सहज मिळाली. तळाच्या संघाचा हा एक फायदा असतो.

दहा हजारांच्या आसपास माणसे मावतील असे ते स्पॉटलँड मैदान. एका गोलामागे अजून उभे राहून सामना बघण्याची जुनी सोय. तिथे 'पाय' नावाचा पदार्थ खातात, म्हणजे आत मांस-बटाटा भरलेला गरम कणकेचा खमंग डबा. आपल्या पायांशी त्याचा संबंध नाही. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांचे वडील कापडगिरणीत होते, असे गप्पांत कळले. आता गावात गिरण्या नाहीत. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ती उंच, विटकरी, रिकामी इमारत ओळखू यायला भाषेची गरज पडत नाही. मी त्यांना विचारले, संघ वाचेल का? ते म्हणाले, "नाही. पण पुढच्या शनिवारी तर आहेच ना."

संघ वाचला नाही. त्याच महिन्यात रॉचडेलची १९२१ पासूनची, तब्बल १०२ वर्षांची वाटचाल संपली आणि तो फुटबॉल लीगच्या बाहेर, नॅशनल लीगमध्ये गेला.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा, बँकेतली सवय. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेण्यांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या तळाला जो क्लब राहील तो बाहेर, आणि खालच्या लीगचा विजेता आत, असा आपोआप चालणारा नियम १९८६-८७ च्या हंगामापासून आला. त्यापूर्वी तळाचे क्लब जुन्या सभासदांच्या मतांवर पुन्हा निवडून येत. आपल्याकडच्या संचालक मंडळांसारखेच. २००३ पासून दोन क्लब खाली जातात, दोन वर येतात. वर विजेतेपदाचा सोहळा चालू असतो, तेव्हा खाली हे नाटक घडत असते. आणि मला विचाराल तर खरा हंगाम खालीच संपतो.

पहिल्याच वर्षी, ९ मे १९८७ रोजी काय झाले पाहा. टॉर्की हा समुद्रकाठचा लहानसा संघ क्रू संघाकडून १-२ ने मागे होता. हरला असता तर बाहेर. सामना संपत आलेला असताना मैदानाच्या कडेला बंदोबस्ताला असलेला ब्रिन नावाचा पोलिसी कुत्रा टॉर्कीच्या जिम मॅकनिकलला चावला. खेळ थांबला, उपचार झाले, तेवढी मिनिटे पुढे वाढवून मिळाली. आणि त्या वाढीव वेळात पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की आणि लिंकन सिटी, दोघांचे ४८ गुण. गोलफरकावर लिंकन खाली गेले. त्याच दुपारी बर्नली हा १८८८ च्या संस्थापक क्लबांपैकी एक आणि दोनदा देशाचा विजेता झालेला संघ केवळ एका गुणाने वाचला.

त्या वर्षी लिंकनच्या जागी वर आला तो स्कारबरो. बारा वर्षांनी, ८ मे १९९९ रोजी, स्कारबरोचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि आपण वाचलो म्हणून लोक मैदानात उतरून नाचू लागले. तिकडे कार्लाइलचा सामना अजून चालू होता, १-१. कार्लाइलला जिंकणे भाग होते. त्यांचा गोलरक्षक जिमी ग्लास हा स्विंडनकडून उसना आणलेला. त्या क्लबसाठी एकूण तीन सामने खेळला. भरपाईच्या वेळातला कॉर्नर, गोलरक्षक आपले गोल सोडून पुढे धावला, चेंडू त्याच्या पायाशी आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. स्कारबरोतला नाच तिथल्या तिथे थांबला. तो क्लब पुन्हा वर आला नाही. २००७ मध्ये कर्जापायी त्याचे दिवाळे निघाले. जिमी ग्लासने पुढे काही वर्षांत खेळ सोडला आणि टॅक्सी चालवली.

तुम्ही म्हणाल, नियम क्रूर आहे. मला तो क्रूर वाटत नाही. खाली जाणारा पुन्हा वर येऊ शकतो. लिंकन पुढच्याच वर्षी आले. १९९७ मध्ये ब्रायटन क्लबचे स्वतःचे मैदान विकले गेले होते, शेवटच्या दिवशी ते हेरफर्डशी बरोबरी करून जेमतेम वाचले. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते प्रीमियर लीगमध्ये होते. आणि त्या दिवशी बुडालेले हेरफर्ड युनायटेड? २०१४ च्या डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने ते गुंडाळले गेले. मैदानावरचा पराभव आणि ताळेबंदातला पराभव यांच्यात मी फरक करतो तो इथे.

बरीचे उदाहरण घ्या. रॉचडेलपासून दहा-अकरा किलोमीटरवरचे गाव. १८८५ सालचा क्लब, १९०० आणि १९०३ मध्ये एफ.ए. कप जिंकलेला. २०१९ च्या उन्हाळ्यात या संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली, आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. खेळाडू जिंकले होते; पैसे नव्हते. मैदान तारण ठेवलेले, मोटारी उभ्या करायच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकलेल्या, आणि अख्खा क्लब एका पौंडाला हातबदल झालेला. असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर चहा संपण्याआधी मी तो परत पाठवला असता. रॉचडेलच्या त्या अठ्ठावीस जणांचा एक नियम होता: रोखीने घ्या, रोखीने विका, उधारी नाही. शेजारच्या गावाने एवढे तरी शिकायला हरकत नव्हती. बरीचे लोक मात्र हटले नाहीत. २०२३ पासून तो क्लब कितीतरी पायऱ्या खालच्या लीगमध्ये, पण आपल्या गिग लेन मैदानावर पुन्हा खेळू लागला.

बँकवाला म्हणून मी या क्लबांना 'अव्यवहार्य' असाच शेरा मारीन. चार-पाच हजार प्रेक्षक, पगार भारी, उत्पन्न तोकडे. हा शब्द मी पूर्वी एकदा लिहिला आहे, आणि त्याची आठवण मला स्पॉटलँडवर झाली, म्हणून तर हा लेख.

१९९१ च्या नरसिंहम समितीनंतर बँकांमध्ये तोट्यातल्या शाखांचा शोध सुरू झाला. मी तेव्हा तपासणी विभागात होतो. एका बाजाराच्या गावातली आमची शाखा वर्षानुवर्षे तळाला. ठेवी कमी, वसुली त्याहून कमी. मी दोन दिवस राहून अहवाल तयार केला. निघताना एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, तोटा तुमचा खरा. पण बाजाराच्या दिवशी आम्ही बसायचं कुठं?" शाखेच्या व्हरांड्यात एक लांब बाक होते. आसपासच्या वाड्यांतली माणसे तिथे बसत, निरोप देत, पावसापाण्याचे बोलत. खाते असलेलेही आणि नसलेलेही. मी हसलो आणि 'अव्यवहार्य, विलीनीकरणाची शिफारस' असे लिहिले. आकडे बरोबर होते. आजही तपासले तर बरोबर निघतील. त्या बाकाचा रकाना आमच्या नमुन्यात नव्हता.

आपल्याकडच्या फुटबॉलचे असेच झाले. मी नोकरीला लागलो तेव्हा मुंबईत बँकांचे संघ होते. कूपरेजवर खेळणारी पोरे दुसऱ्या दिवशी काउंटरवर पासबुके भरत. चांगली सोय होती, पण तो संघ कोणत्या गल्लीचा नव्हता. पहिली राष्ट्रीय लीग, १९९६-९७ ची, जिंकणारा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. २००५-०६ ची जिंकणारा महिंद्र युनायटेडही त्याच सुमारास. कंपन्यांनी निर्णय घेतला आणि खाते बंद केले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली ती फ्रँचायझींची; खाली जाण्याची भीती नसलेली. २०१६ मध्ये गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. उलट कोल्हापुरात पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ लोटते, कधी कधी नको इतक्या जोराने. तिथला संघ बंद करायचा तर आधी पेठ बंद करावी लागेल.

रॉचडेलवर ती वेळ जवळजवळ आली होती. २०२१ मध्ये बाहेरच्यांच्या हाती क्लब जाऊ नये म्हणून समर्थकांनी आणि गावकऱ्यांनी भाग घेऊन तो राखला. मला केवढा आनंद झाला, टोड लेनचे रक्त अजून वाहते आहे म्हणून! पण २०२४ च्या सुरुवातीला व्यवस्थापनाने सांगितले, मार्चअखेर सुमारे वीस लाख पौंड उभे राहिले नाहीत तर कुलूप लागेल. शेवटी वाचवले ते गावातच जन्मलेल्या, संगणकाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या सर पीटर ऑग्डेन यांच्या कुटुंबाने. मी खूश झालो आणि थोडा खट्टूही. सहकाराच्या जन्मगावी सावकार चांगला निघाला म्हणून निभावले, असे वाटले. एक्सेटर सिटीचे उदाहरण मला जास्त आवडते. २००३ मध्ये बुडता क्लब समर्थकांच्या ट्रस्टने हाती घेतला. २००५ च्या जानेवारीत त्यांनी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर शून्य-शून्य रोखले, त्या सामन्याच्या आणि फेरसामन्याच्या उत्पन्नातून देणी फेडली आणि २००८ मध्ये लीगमध्ये परतले.

पण प्रत्येक गावाला ओल्ड ट्रॅफर्डची लॉटरी लागत नाही आणि प्रत्येक गावात ऑग्डेन जन्मत नाहीत. म्हणून २०२५ च्या जुलैत ब्रिटिश संसदेने केलेला फुटबॉल नियमनाचा कायदा मला महत्त्वाचा वाटतो. क्लब विकत घेणाऱ्याची ऐपत तपासणे, हिशेबावर नजर ठेवणे, मैदान परस्पर विकू न देणे, हे काम आता स्वतंत्र नियामकाकडे. आमच्या रिझर्व्ह बँकेचा धाक आठवला. बरीच्या आधी तो असता तर! त्याच वर्षाच्या सुरुवातीला नॅशनल लीगच्या क्लबांनी दोनऐवजी तीन संघ वर घ्या अशी मागणी केली, तीही मला रास्त वाटते. खाली पडणाऱ्याला दोर लांबून दिसला तरी पुरतो, पण तो दिसला पाहिजे.

एका हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी मोबाइलवर तीन सामने एकदम उघडून बसलो होतो. तळाचे सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कोणी कोणाचा निकाल बघून खेळू नये. कुठे एक गोल झाला की गुणतक्ता हलायचा, दोन नावे वरखाली व्हायची. रॉचडेलला त्या दिवशी भीतीही नव्हती आणि आशाही नव्हती. मी दुसऱ्याच कुठल्या तरी तीन गावांसाठी जीव मुठीत धरून होतो. सौ. भाजी निवडत जवळ येऊन बसली. बराच वेळ पडद्याकडे बघितल्यावर म्हणाली, "यातला बुडणारा कोणता?"

मी बोट ठेवून दाखवले. ती भाजीची परात बाजूला सारून आपला चष्मा शोधू लागली.