सहाच्या भुकेचं करायचं काय?

सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके नि सॅलड. डाएट कसं मस्त चाललेलं असतं! आणि संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेर वडे तळल्याचा वास येतो... संपलं! यात विलपॉवर-बिलपॉवरचा काही संबंध नाही हो. एकला जेवलेलं पोट सहापर्यंत गप्प बसेल कसं?

म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची पुडी ठेवा. साडेचारच्या चहासोबत बिस्किटांऐवजी मूठभर खा. प्रोटीन आणि फायबरमुळे पोट बराच वेळ धरून राहतं. तरीही वडापाव खुणावतोयच? मग आठवड्यातून एकदा खुशाल खा. पण एकच, आणि सोबत कोला नको. 300 मिलीच्या बाटलीत जवळपास 8 चमचे साखर असते, आणि पोट काही भरत नाही. सुकी लाल चटणी मात्र बिनधास्त मागून घ्या!